जुना फिल्म कॅमेरा घेताना आणि तपासताना

जुना फिल्म कॅमेरा विकत घेणाऱ्याने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आपल्याला काचेच्या कपाटात मांडण्यासाठी वस्तू हवी आहे, की रोल घालून छायाचित्रे काढता येतील असे यंत्र हवे आहे? दोन्ही हौशी रास्तच आहेत, परंतु त्यांची पारख वेगवेगळी आहे. हा लेख दुसऱ्या हेतूने कॅमेरे जमवणाऱ्यांसाठी आहे. नामांकित बनावटीचा, पण आतून काय अवस्थेत आहे हे ठाऊक नसलेला कॅमेरा घेण्यापेक्षा साध्या नावाचा आणि नीट तपासलेला कॅमेरा घेणे केव्हाही चांगले, असे माझे ठाम मत आहे. तपासणी मात्र ठरावीक क्रमाने करावी. आधीची पायरी गाळून पुढची केली, तर कधी यंत्राला इजा होते, कधी महागडा रोल वाया जातो, आणि कधी कुणाच्या तरी घरची जुनी छायाचित्रे कायमची नष्ट होतात.

आधी फिल्मचा विचार

कॅमेरा कितीही देखणा असला तरी त्यात बसणारी फिल्म आज मिळत नसेल, तर तो शोभेचाच. सहज मिळणारे आकार दोनच आहेत. पहिला ३५ मिलिमीटरचा, म्हणजे १९३४ साली कोडॅकने बाजारात आणलेल्या १३५ या डबीतला रोल. दुसरा १९०१पासून आजतागायत बनत असलेला १२० हा कागदी पाठीचा रोल. ६२० क्रमांकाची फिल्म आता बनत नाही, पण ती १२०च्याच रुंदीची असून फक्त तिच्या रिळाचा दांडा बारीक असतो. त्यामुळे अंधारात १२०ची फिल्म जुन्या ६२०च्या रिळावर गुंडाळून काम भागवता येते, अर्थात कॅमेऱ्याबरोबर निदान दोन जुनी रिळे मिळाली तरच. १२६, १२७ आणि डिस्क या आकारांच्या मागे नवशिक्याने लागू नये.

महाराष्ट्रातल्या घरांतून आणि बंद पडलेल्या स्टुडिओंतून जे कॅमेरे निघतात, त्यांत काही नावे पुन्हापुन्हा भेटतात. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाच्या सहकार्याने बनवलेला क्लिक थ्री हा त्यांतला सर्वांत ओळखीचा. १२०च्या रोलवर चौकोनी १२ फोटो देणारा हा अगदी साधा कॅमेरा आहे आणि त्यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे. ज्याला पहिल्यांदाच रोल घालून पाहायचे आहे, त्याने इथून सुरुवात करावी. तालुक्याच्या गावांतील स्टुडिओवाल्यांकडे याशिकाचे दोन भिंगांचे (वरचे पाहण्यासाठी, खालचे फोटो काढण्यासाठी) कॅमेरे असत. त्यांतला याशिका-मॅट १२४ जी हा १९७०च्या सुमारास आलेला कॅमेरा आजही कष्टाला तयार असतो. ३५ मिलिमीटरमध्ये १९७६ साली आलेला आणि १९९७पर्यंत बनत राहिलेला पेंटॅक्स के १००० हा शिकणाऱ्याचा कॅमेरा म्हणून मी सर्वांत आधी सुचवीन, कारण त्याचे शटर, म्हणजे निवडलेल्या वेळेपुरता (यालाच ‘वेग’ म्हणतात) फिल्मवर प्रकाश सोडणारी झडप, संपूर्ण यांत्रिक आहे. सेल लागतो तो फक्त प्रकाशमापकाला, म्हणजे मीटरला. निकॉनचा एफएम २ (१९८२) त्याहून सरस आहे, पण त्याची किंमतही तशीच असते. १९७६ सालचाच कॅनन एई-१ हा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आहे. सहा व्होल्टचा सेल नसेल तर त्याचे शटर हलतच नाही, हे विसरून अनेक जण चांगला कॅमेरा बिघडलेला समजतात, आणि काही विक्रेते बिघडलेला कॅमेरा ‘फक्त सेल हवाय’ म्हणून खपवतात. म्हणून असा कॅमेरा पाहायला जाताना नवा सेल आपल्या खिशात असावा.

कुठे शोधावे

मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट आणि फोर्टमधील बोरा बाजार, पुण्यात जुना बाजार, दिल्लीला जाणे झाले तर चांदणी चौकातील कुचा चौधरी ही ओळखीची ठिकाणे आहेत. जुन्या बाजारातील कॅमेरा स्वस्त मिळण्याचा संभव असतो, पण तिथे तपासायला वेळ आणि उजेड दोन्ही कमी मिळतात. दुकानातील कॅमेरा महाग असतो, पण परत घेण्याची बोली करता येते. मला विचाराल तर सर्वांत चांगला साठा निवृत्त छायाचित्रकारांच्या घरी असतो. ज्याने त्याच कॅमेऱ्यावर लग्नांचे हंगाम काढले, तो माणूस त्याचा कोणता वेग अडकतो आणि कोणते भिंग चांगले, हे न विचारता सांगतो. अशा घरी गेल्यावर घासाघीस करण्यापेक्षा त्यांचे म्हणणे ऐकून टिपून घ्यावे. ती माहिती कॅमेऱ्याइतकीच मोलाची असते.

लायका या नामवंत जर्मन बनावटीच्या नावाबद्दल मात्र सावध राहावे. सोव्हिएत फेड आणि झोर्की हे कॅमेरे मुळात लायकाच्या जुन्या नमुन्यावर बेतलेले होते, आणि त्यांच्यावरचे नाव खरवडून, ‘लायका’ कोरून, कधी सोनेरी मुलामा देऊन ते विकले जातात. ओळखण्याची एक चांगली खूण आतच असते. लेन्स काढून आत पाहिले, तर अंतरमापकाला (फोकससाठी अंतर मोजणाऱ्या यंत्रणेला) जोडलेली एक छोटी दांडी दिसते. अस्सल लायकात तिच्या टोकाला गोल फिरणारे चाक असते, तर फेड आणि झोर्कीत बहुधा पाचरीसारखे निमुळते टोक असते. फेड किंवा झोर्की हे वाईट कॅमेरे नव्हेत. मात्र त्यांची किंमत त्यांच्याच नावाने द्यावी.

विक्रेत्यासमोरची तपासणी

बरोबर एक लहान पण प्रखर टॉर्च, हवा मारायचा रबरी ब्लोअर, मऊ कापड, बाद झालेल्या फिल्मचा एखादा रोल आणि लागतील ते सेल असावेत. कॅमेरा हातात आल्याबरोबर मागचे झाकण उघडण्याचा मोह आवरावा. आधी रिवाइंडचा, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळण्याचा, नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावा. तो सैल फिरला तर आत रोल नसण्याची शक्यता जास्त. ताण जाणवला तर आत रोल आहे असे समजून तो पूर्ण गुंडाळून डबीत घ्यावा आणि मगच झाकण उघडावे. जुन्या कॅमेऱ्यांत अर्धवट राहिलेले रोल खरोखर सापडतात. ज्या कुटुंबाचा तो कॅमेरा आहे, त्यांच्या दृष्टीने त्या रोलवर घरातील हयात नसलेल्या माणसांचे अखेरचे फोटो असू शकतात, म्हणून असा रोल त्यांच्या हवाली करावा किंवा त्यांच्या संमतीने धुऊन घ्यावा. रंगीत रोल फार जुना असेल तर तो कृष्णधवल रसायनांत धुतल्यास बहुतेक वेळा अधिक काही हाती लागते. कोडाक्रोमचा, म्हणजे कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मचा, रोल निघाला तर दुसरा पर्यायच नाही, कारण त्याची रंगीत प्रक्रिया करणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१०च्या अखेरीस ते काम थांबवले.

त्यानंतर पहिला ‘क्लिक’ नीट ऐकावा. विक्रेता पुष्कळदा आपल्याला दाखवण्याआधी शटर दहा-वीस वेळा चालवतो, आणि घट्ट झालेले जुने वंगण तेवढ्यापुरते मोकळे होते. खरी अवस्था कळते ती बरेच दिवस स्वस्थ पडलेल्या कॅमेऱ्याच्या पहिल्याच फटक्याला. म्हणून शक्य असेल तर ‘अजून चालवू नका’ अशी विनंती आधीच करून ठेवावी.

कोणताही लीव्हर किंवा कडी जोर लावून फिरवू नये, हा नियम पाळला तर निम्मे नुकसान टळते. काही कॅमेऱ्यांचे क्रम ठरलेले आहेत. झोर्की-४ आणि फेडच्या अनेक नमुन्यांत आधी शटरला ताण द्यायचा आणि मगच वेग बदलायचा. उलट केले तर आतील भाग मोडतो. लेन्समध्येच पाती असलेल्या लीफ शटरच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांत याच्या विरुद्ध आहे: तिथे सर्वांत जास्त वेग, म्हणजे १/५०० सेकंद, हा ताण देण्यापूर्वी निवडावा. सेल्फ टायमरला बाजारात हात लावू नये, कारण जुन्या कॅमेऱ्यात तो मध्येच अडकला की शटरही अडकते.

बाहेरचे खरचटे आणि झिजलेली कातडी यांचे मला फारसे वाटत नाही, पण तीन खुणा गंभीर मानाव्यात. लेन्सच्या पुढच्या कड्याला चेप असेल तर कॅमेरा पडला असल्याचा तो पुरावा आहे. स्क्रूंच्या खाचा चिरडलेल्या असतील तर अयोग्य हत्याराने कुणीतरी तो उघडलेला आहे. सेलच्या कप्प्यात हिरवा किंवा पांढरा चुरा असेल तर सेल आतच पाझरला आहे. हा चुरा वरवरचा असल्यास थोड्या व्हिनेगरने पुसून निघतो, पण तारेपर्यंत पोहोचला असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा.

मागचे झाकण उघडल्यावर त्याच्या खोबणीतील काळा स्पंज बोटाने हलकेच दाबून पाहावा. १९६० ते ८०च्या दशकांतील जपानी कॅमेऱ्यांत हा स्पंज आता बहुधा चिकट डांबरासारखा झालेला असतो. याला दोष म्हणून घाबरू नये. लाकडी काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नव्या स्पंजच्या पट्ट्या एवढ्यावर हे काम घरी होते. आरशाजवळच्या स्पंजचे काम मात्र जपून करावे, कारण एसएलआरच्या (आरशातून थेट लेन्समधले दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो आणि बोट एकदा घासले तरी त्याची खूण कायम राहते. ऑलिंपस ओएम-१मध्ये प्रिझमवरचा स्पंज कुजून प्रिझमची चांदी खातो, तेव्हा दृश्यदर्शकात काळे डाग किंवा रेघा दिसतात. फोटोवर त्यांचा परिणाम होत नाही, पण दुरुस्ती किचकट आहे.

घडीच्या कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि पाठ जोडणारा घड्यांचा भाग, अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन आत टॉर्च लावून पाहावा. छिद्रे बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यांवर असतात. आग्फाच्या आयसोलेट मालिकेत भात्याला छिद्रे आणि हिरवे वंगण घट्ट होऊन जाम झालेले पुढचे भिंग हे दोन दोष इतके नेहमीचे आहेत की, ते नसतील तर आश्चर्य मानावे. याशिका इलेक्ट्रो ३५ची तपासणी कानाने होते: फिल्म पुढे सरकवताना लीव्हरच्या प्रवासात आतून ‘खट्’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतील रबरी तुकडा झिजलेला आहे आणि त्याच्या स्वयंचलित वेगावर भरवसा ठेवता येत नाही. त्यात सेल नसेल तर प्रत्येक फोटो १/५००च्या वेगानेच निघतो, हेही ध्यानात ठेवावे.

लेन्स

अॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी, पाती पूर्ण उघडी ठेवून, शटर ‘बी’वर (बटण दाबून असेपर्यंत उघडे राहण्याच्या खुणेवर) धरून, एका बाजूने टॉर्च तिरपी लावावी आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि ते निरुपद्रवी असतात. बुरशी जाळीसारखी किंवा कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली दिसते. कोकणात आणि मुंबईत वाढलेल्या कॅमेऱ्यांत ती फार आढळते, देशावरच्या कोरड्या हवेत कमी. कडेला नुकती सुरू झालेली बुरशी कारागीर साफ करू शकतो. पण बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरचा लेप आणि पुढे काचही खाते, तेव्हा साफ केल्यावरही तिचा ठसा राहतो. सगळ्या भिंगावर दुधी धुके दिसत असेल, तर ते बहुधा वंगणाची वाफ बसल्यामुळे असते आणि पुष्कळदा निघते. दोन काचा जोडणारा डिंक सुटला असेल तर कडेला इंद्रधनुषी किंवा साबणाच्या फेसासारखे वर्तुळ दिसते. अशी लेन्स मी घेत नाही. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४च्या (एफचा आकडा हे अॅपर्चरचे माप; तो जितका लहान, तितके छिद्र मोठे) काही लेन्सचा पिवळसर रंग ही वेगळी गोष्ट आहे. तिच्या काचेत थोरियम आहे, आणि काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवल्यास तो पिवळेपणा बराच कमी होतो.

अॅपर्चरची पाती कोरडी हवीत. एसएलआरमध्ये लीव्हर दाबून सोडला की ती झटकन मिटली पाहिजेत; पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती उन्हात चालतील आणि थंडीत रेंगाळतील.

शटरचे वेग

इथे घाई करू नये, कारण जुन्या कॅमेऱ्याचा खरा कस शटरवरच लागतो. घरी आल्यावर सर्वांत मंद वेगापासून सुरुवात करावी. एक सेकंद हा वेग कानाने आणि घड्याळाने तपासता येतो. एका सेकंदाऐवजी दीड सेकंद लागत असेल, तर ती चूक अर्ध्या स्टॉपहून थोडी जास्त आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). कृष्णधवल किंवा रंगीत निगेटिव्ह फिल्म एवढा जादा प्रकाश सहज पचवते. मंद वेगात मध्येच यंत्राची गुणगुण थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर मात्र आतील गतिनियंत्रक चाके साफ करून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

मधल्या वेगांसाठी मोबाईल पुरेसा आहे. बहुतेक फोनांत सेकंदाला २४० चित्रांचा संथ व्हिडिओ घेता येतो. कॅमेऱ्याची पाठ उघडी ठेवून, लेन्स उजळ खिडकीकडे करून, मागच्या बाजूने चित्रण करावे आणि प्रकाश दिसणारी चित्रे मोजावीत. १/१५ला १६, १/३०ला ८ आणि १/६०ला ४ चित्रे यायला हवीत. त्यापुढच्या वेगांना ही पद्धत पुरत नाही, कारण १/१२५ म्हणजे जेमतेम दोनच चित्रे, आणि एका चित्राच्या फरकाने उत्तर दुपटीने बदलते. लीफ शटरचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून तो ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत पाहिला, तर उघडण्याचा आणि मिटण्याचा असे दोन उंचवटे दिसतात व त्यांमधील अंतर मोजता येते. फिल्मच्या अगदी पुढे धावणाऱ्या पडद्यांच्या शटरला हा उपाय लागू होत नाही. तिथे आरशाचा आवाज सगळ्यात मिसळतो. अशा कॅमेऱ्यांसाठी प्रकाशाला प्रतिसाद देणारा फोटोडायोड वायरीने फोनच्या माइकच्या जागी जोडून वेग मोजतात. इलेक्ट्रॉनिक्सची थोडीफार जाण असणाऱ्याने हे साधन जरूर बनवावे.

पडद्याच्या शटरचे काम कसे चालते हे समजले की त्याचे दोष डोळ्यांनाही कळू लागतात. वेगवान फोटोला दोन पडदे एकापाठोपाठ धावतात आणि त्यांच्यामधली फट फिल्मवरून सरकत जाते. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात १/१००० या वेगाला ही फट साधारण अडीच-तीन मिलिमीटरचीच असते. पहिला पडदा वंगण सुकल्यामुळे जरा जरी रेंगाळला, तर दुसरा त्याला गाठतो. फट वाटेतच मिटते आणि फोटोची एक बाजू अंधारी राहते. हे पाहण्यासाठी पाठ उघडून, लेन्स काढून, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखून सर्वांत जास्त वेगावर शटर अनेकदा चालवावे. संपूर्ण चौकट एकसारखी उजळताना दिसली पाहिजे. एक कडा काळी राहते असे वाटले तर एक-एक वेग खाली येऊन तो दोष कुठे नाहीसा होतो ते पाहावे. १/५००पर्यंत सगळे ठीक असेल, तर ‘१/१००० वापरायचा नाही’ एवढी नोंद करून कॅमेरा निर्धास्त वापरता येतो. १/१००० लिहिलेला वेग प्रत्यक्षात १/७००च्या आसपास निघणे हे जुन्या कॅमेऱ्यांत नेहमीचे आहे, आणि त्यासाठी कॅमेरा उघडवू नये.

कापडी पडद्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रेही असतात. अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च लावून मागून पडदा पाहावा. मग शटरला ताण देऊन दुसरा पडदा पाहावा. लायका, झोर्की, फेड या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे आरसा नसतो. टोपण न लावता ते सूर्याकडे तोंड करून ठेवले तर लेन्समधून एकवटलेले ऊन पडदा जाळते, आणि तीच छिद्रे मग प्रत्येक फोटोत एकाच जागी ठिपका होऊन उमटतात.

शटर अडकले तर त्यात कोणतेही तेल किंवा गंज काढण्याचा फवारा मारू नये. ते पात्यांवर पसरते, धूळ धरते, आणि साध्या सफाईचे काम संपूर्ण खोलण्यावर जाते. जुन्या कारागिरांपैकी जे अजून हे काम करतात, त्यांच्याकडे कॅमेरा न उघडता न्यावा, आणि दोष काय आहे ते शब्दांत लिहून द्यावे.

मीटर आणि सेल

१९६० आणि ७०च्या दशकांतील पुष्कळ कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेले आहेत. ते सेल प्रदूषणाच्या कारणाने बंद झाले. त्यांच्या जागी त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर बहुतेक मीटर प्रत्यक्षाहून जास्त उजेड दाखवतात आणि फोटो काळे येतात. शिवाय या सेलचा दाब वापरागणिक उतरत जातो, म्हणून चूकही रोज वेगळी. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो आणि रबरी कड्यात बसवून तो चालतो, फक्त एकदा पट्टी काढली की काही महिन्यांतच संपतो. कायमची सोय हवी असेल तर चांदीच्या (सिल्व्हर ऑक्साइडच्या) सेलचा दाब डायोडने उतरवणारा अडॅप्टर घ्यावा.

सेलेनियमच्या मीटरला सेल लागत नाही, कारण ते प्रकाशावरच चालते. सोव्हिएत झेनिट-ईसारख्या कॅमेऱ्यांत ते असते. काटा हलतो म्हणजे मीटर बरोबर आहे असे नव्हे. फोनवरच्या प्रकाशमापक अॅपशी कडक ऊन, सावली आणि घरातील उजेड अशा तीन ठिकाणी ताडून पाहावे. तिन्हीकडे सारखीच चूक असेल तर फिल्मचा आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा) आकडा बदलून ती भरून काढता येते. प्रत्येक ठिकाणी निराळी असेल तर मीटरकडे दुर्लक्ष करावे. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओइतका वेग (आयएसओ १००ला सुमारे १/१०० सेकंद) हा जुना ठोकताळा आपल्या हवामानात पावसाळा सोडून उत्तम चालतो. पेंटॅक्स के १०००च्या मीटरला बंद करण्याचे बटण नाही. लेन्सवर टोपण लावणे हाच त्याचा स्विच आहे.

चाचणीचा रोल

इथवर कॅमेरा टिकला, तर मग त्यात रोल घालावा, तोही हिंडताफिरता संपवण्यासाठी नव्हे. आयएसओ १००ची ताजी निगेटिव्ह फिल्म घ्यावी, आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक, अॅपर्चर, वेग व हेतू वहीत लिहीत जावे. फिल्म घातल्यावर पुढे सरकवताना रिवाइंडचा नॉब फिरतो ना, ते पाहावे. तो फिरत नसेल तर फिल्म पकडली गेलेली नाही.

पहिले काही फोटो फोकससाठी असावेत. अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून एक फोटो दूरच्या टॉवरचा किंवा डोंगरकड्याचा, आणि एक फोटो मीटरभर अंतरावर तिरप्या ठेवलेल्या वर्तमानपत्राचा, ज्यात ठरावीक एका ओळीवर फोकस केलेला असेल. धुतल्यावर ती ओळ सोडून अलीकडची किंवा पलीकडची ओळ स्पष्ट दिसली तर अंतरमापक, आरसा किंवा फोकसची काच यांपैकी काहीतरी जागेवरून सरकले आहे. याशिकासारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात ही चाचणी रोल न घालताही होते: फिल्म टेकते त्या पट्ट्यांवर दुधी काच किंवा दुधी टेप ताणून लावावी, शटर ‘बी’वर उघडे धरावे, आणि वरच्या व खालच्या दोन्ही भिंगांतून दूरचे दृश्य एकाच वेळी स्पष्ट होते का ते पाहावे.

नंतर स्थिर, निरभ्र उन्हात एकाच भिंतीचे फोटो सारख्याच एक्स्पोजरने, पण वेगवेगळ्या वेगांवर घ्यावेत: १/१२५ला एफ/१६, १/२५०ला एफ/११, १/५००ला एफ/८, १/१०००ला एफ/५.६. निगेटिव्हवर हे चारही सारख्याच काळसरपणाचे दिसले पाहिजेत. जो वेगळा दिसेल, तो वेग चुकीचा. सर्वांत जास्त वेगावर मोकळ्या आकाशाचा एक फोटो घेतला की पडद्यांची चाल निगेटिव्हवर स्वच्छ वाचता येते. शेवटी दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा टोपण लावून दहा मिनिटे उन्हात ठेवावा आणि चारी बाजूंनी फिरवावा, म्हणजे प्रकाश कुठून गळतो ते उघड होईल. क्लिक थ्रीसारख्या १२०च्या कॅमेऱ्यात मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावून ठेवावी. आजच्या फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असतात, जुन्या अनेक नव्हत्या.

रोल धुवायला देताना तो कापू नये असे लॅबला सांगावे, आणि निकाल स्कॅनवरून न ठरवता निगेटिव्हवरूनच ठरवावा, कारण स्कॅनर कमी-जास्त प्रकाश आपणहून सावरून घेतो आणि शटरची चूक झाकली जाते. कृष्णधवल रोल घरी धुणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की बहुतेक विकासक रसायनांच्या (डेव्हलपरच्या) वेळा २० अंश सेल्सियसला धरून दिलेल्या असतात. आपल्या उन्हाळ्यात नळाचे पाणी त्याच्या बरेच वर असते, तेव्हा बर्फाच्या पाण्यात बाटल्या थंड केल्याविना चाचणीला अर्थ राहत नाही.

निगेटिव्हवर गळलेला प्रकाश काळा दिसतो. तो काळेपणा चौकटीबाहेर, फिल्मच्या छिद्रांपर्यंत पसरलेला असेल तर मागच्या झाकणाचा स्पंज दोषी आहे. तो चौकटीच्या आतच थांबत असेल तर प्रकाश पुढून, म्हणजे पडद्यातून, भात्यातून किंवा लेन्सच्या जोडातून आलेला आहे. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून फोटोत डावीकडे दिसणाऱ्या डागाचे मूळ कॅमेऱ्याच्या पाठीमागून पाहताना उजवीकडे शोधावे. लांबीच्या दिशेने सलग ओरखडा फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या दाबपट्टीवरच्या कणाने किंवा डबीच्या मखमलीत अडकलेल्या रेतीने पडतो. फोटोंमधले अंतर कमीजास्त होत असेल, किंवा एक फोटो दुसऱ्यावर चढत असेल, तर फिल्म ओढणारी चाके घसरत आहेत, आणि हे काम कारागिराचेच आहे.

पावसाळा आणि साठवण

कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान कपाटात पडून होते. कातडी पेटी दिसायला सुंदर असली तरी ती ओल धरून ठेवते. कॅमेरा तिच्यातून काढून वेगळा ठेवावा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखावी. रंग बदलणारे सिलिका जेल घ्यावे, म्हणजे ते ओलावले की कळते आणि मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते. फार कोरडेही नको, कारण त्याने कातडी आणि वंगण सुकते. डांबराच्या गोळ्या कॅमेऱ्याजवळ कधीही ठेवू नयेत, त्यांची वाफ काचांवर थर धरते. बुरशी लागलेली लेन्स इतरांपासून वेगळ्या डब्यात ठेवावी.

ठेवताना सेल काढावेत आणि शटरचा ताण सोडावा. जून ते सप्टेंबर या काळात दर पंधरवड्याला, एरवी महिन्याला, प्रत्येक कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर काही वेळा चालवावा, फोकसचे कडे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, आणि लेन्सवर टॉर्च टाकून पाहावे. प्रत्येक कॅमेऱ्याची एक चिठ्ठी असावी, तिच्यावर तो कुठून आला, कोणते वेग विश्वासार्ह आहेत, मीटरची चूक किती, स्पंज कधी बदलला आणि चाचणीच्या रोलचा निकाल काय, एवढे लिहावे. पुढे तो कॅमेरा कुणाला विकला किंवा दिला, तर ती चिठ्ठी आणि चाचणीची निगेटिव्ह त्याच्याबरोबर द्यावी.